लाल देऊळ, रास्ता पेठ आणि १८७४ ची हग्गादा

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला १८७४ हे साल पाठ असते. त्या वर्षीच्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चा पहिला अंक निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी याच पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली होती आणि सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. ही दोन साले वर्गात समोरासमोर ठेवली की एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचे दोन ध्रुव विद्यार्थ्यांना चटकन दाखवता येतात. मीही अनेक वर्षे तेच करीत आलो. पुणे म्हणजे पेठा, पेठांमधले वाद, आणि त्या वादांतून घडलेली भाषा, असे हे चित्र आहे. ते खोटे नाही.

परंतु १८७४ साली पुण्यातच आणखी एक मराठी पुस्तक छापले गेले. विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात ते तयार झाले. त्यात मूळ हिब्रू पाठ होता आणि त्याचे मराठी भाषांतर होते. मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनिएल तळकर या दोन बेने इस्रायल गृहस्थांनी ते सिद्ध केले होते. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरातल्या मंडळींनी एकत्र बसून वाचायची ही पोथी, म्हणजे हग्गादा. या पुस्तकाचे नाव मी वर्गात कधी घेतले नव्हते. ते मला कळले लाल देवळामुळे. मात्र तेथे गेल्यावर लगेच नाही, बराच वळसा घेऊन.

लष्कर भागातून जाणाऱ्या प्रत्येकाने लाल देऊळ पाहिलेले असते. म्हणजे त्याचा मनोरा पाहिलेला असतो. नव्वद फुटांचा तो घड्याळाचा मनोरा आणि त्याखालची लाल विटांची भिंत यांवरून नजर फिरवून आपण पुढे जातो. आत जाणे तेवढे सोपे नाही. २००८ साली मुंबईत नरिमन हाऊसवर आणि २०१० साली पुण्यात जर्मन बेकरीत जे घडले, त्यानंतर शहरातील ज्यूंच्या वास्तूंवर पहारा आला. भेट द्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र दाखवावे लागते. बंदुकधारी पोलिसासमोरून प्रार्थनास्थळात शिरणे ही मनाला चमत्कारिक वाटणारी गोष्ट आहे. ज्या देशात ज्यूंना त्यांच्या धर्मासाठी शतकानुशतके कोणी छळले नाही असे आपण अभिमानाने सांगतो, त्या देशात हा पहारा बसावा लागला, ही बाबही त्या अभिमानाबरोबर लक्षात ठेवायला हवी.

आवारात शिरल्यावर पहिली जाणीव होते ती रंगाची. पुण्याच्या जुन्या सरकारी आणि संस्थात्मक इमारती काळ्या दगडाच्या. येथे त्याच दगडाला लाल विटेची जोड दिलेली आहे आणि वीटच वरचढ ठरली आहे. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याने ही वास्तू योजिली. डेक्कन कॉलेजची इमारतही त्याचीच. बांधकाम १८६३ मध्ये सुरू झाले आणि १८६७ मध्ये पुरे झाले. शैली इंग्लिश गॉथिक, म्हणजे तीच जी त्या काळात इंग्रज आपल्या चर्चसाठी पसंत करीत. दुरून पाहणाऱ्याला हे चर्चच वाटते. एका बगदादी ज्यू व्यापाऱ्याने आपल्या देवाचे घर बांधताना राज्यकर्त्यांच्या देवघराचा आकार निवडावा आणि पुणेकरांनी त्याला ‘देऊळ’ म्हणून मोकळे व्हावे! नामकरणाच्या बाबतीत आपले लोक किती निर्विकार असतात याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

त्या व्यापाऱ्याची, डेव्हिड ससूनची, कथा बहुतेकांना तुकड्यातुकड्यांनी माहीत असते. जन्म १७९२ चा, बगदादचा. तेथील अंमलदाराच्या जाचामुळे घर सोडावे लागले. इराणच्या आखातातील बुशहर बंदरामार्गे १८३२ च्या सुमारास तो मुंबईत आला. पुढच्या तीस वर्षांत त्याची पेढी आशियातील मोठ्या पेढ्यांपैकी एक झाली. १८५३ मध्ये त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले तेव्हा त्याने सही केली ती हिब्रू अक्षरांत. इंग्रजी त्याला येत नव्हते. मुंबईत भायखळ्याचे सिनेगॉग, पुण्यात रुग्णालय, निराधारांसाठी आश्रयगृह असा त्याचा दानधर्म मोठा. ‘ससून’ हा शब्द तर पुणेकरांच्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो कोणा माणसाचे आडनाव होता याची आठवणही राहिलेली नाही. ‘त्याला ससूनला नेले’ या वाक्यात बगदादचा मागमूस नसतो.

मात्र हा पैसा आला कोठून, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. कापूस हे त्याचे एक उत्तर आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दुसरे उत्तर अफू. १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची बंदरे उघडली आणि दोनच वर्षांनी ससूनने आपला मुलगा एलियास याला चीनला धाडले. माळव्यात पिकणारी अफू मुंबईहून चीनला जाई, आणि त्या व्यापारात ससून घराण्याचा वाटा पुढे फार मोठा झाला. पुण्यातले रोगी बरे करणाऱ्या पैशाने दुसरीकडे किती माणसे खंगवली असतील, हा प्रश्न लाल देवळाच्या कमानीखाली उभे राहून मनात आल्याशिवाय राहत नाही. त्याचे उत्तर वास्तुशास्त्राच्या पुस्तकात नाही आणि दानशूरांच्या चरित्रांतही नाही.

देऊळ पुरे होण्याआधीच, १८६४ मध्ये, डेव्हिड ससून पुण्यातच वारला. त्याची समाधी याच आवारात आहे. समाधीवर हिब्रू लेख आहे. मी तेथे बराच वेळ उभा होतो आणि एक साधी गोष्ट मला खटकत राहिली. हिब्रू होते, इंग्रजी होते. या संबंध आवारात मराठी कोठे होती?

आतला भाग बाहेरून वाटतो त्याहून उंच भासतो. खांबांच्या रांगा, रंगीत काचांतून येणारा प्रकाश, मध्यभागी पोथी वाचण्याचा कठडेबंद चौथरा, त्याला ‘तेवा’ म्हणतात. तोऱ्याच्या गुंडाळ्या ठेवण्याचा पडदानशीन कोनाडा, तो ‘हेखाल’, येथून यरुशलेम ज्या दिशेला आहे त्या दिशेला, म्हणजे पश्चिमेकडे. वर स्त्रियांसाठी सज्जा. इस्रायलबाहेर आशियातील हे सर्वांत मोठे सिनेगॉग असे सांगितले जाते. आम्हांला आत नेणारे वृद्ध गृहस्थ मला डोक्यावर ठेवायला टोपी देत होते. मी सवयीने त्यांना ‘काका’ म्हटले आणि विचारले, “सिनेगॉगमध्ये दर आठवड्याला प्रार्थना होते का?” ते म्हणाले, “आमच्या घरात म्हातारी माणसं सिनेगॉग म्हणत नसत. मशीद म्हणत. आजी विचारायची, मशिदीत जाऊन आलास का?”

या एका शब्दाने माझ्या भेटीचा रोखच बदलला. ते गृहस्थ बगदादी नव्हते. ते बेने इस्रायल होते. त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ होते आणि त्यांची मराठी माझ्या मराठीहून अधिक कोकणी वळणाची होती. पुढे पुस्तके उघडून पाहिली तेव्हा कळले की ‘मशीद’ हा त्यांच्या आजीचा घरगुती लहेजा नव्हता, तो संबंध जमातीचा शब्द होता. सॅम्युएल एझिकेल दिवेकर या सुभेदाराने मुंबईत १७९६ मध्ये बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले, त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मुंबईच्या मशीद बंदर या स्थानकाचे नाव त्यावरूनच आले असे सांगतात. म्हणजे हिंदू पुणेकर या वास्तूला देऊळ म्हणतो, तिचा आजचा उपासक तिला मशीद म्हणत मोठा झाला, बांधणाऱ्याने तिला चर्चचा आकार दिला आणि तिचे खरे नाव आहे ‘ओहेल डेव्हिड’, डेव्हिडचा तंबू.

बेने इस्रायलांची पूर्वपीठिका अशी सांगतात की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून ही जमात वाढली. ही दंतकथा आहे. तिच्यात आणि चित्पावनांच्या परशुरामकथेत साम्य शोधणारेही आहेत. इतिहासाच्या उजेडात ही माणसे येतात ती कोकणातील तेली म्हणून. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथ हरवले होते, भाषा हरवली होती; सुंता, शनिवारची विश्रांती, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे काही नियम एवढे टिकले होते. डेव्हिड राहाबी नावाच्या एका परदेशी ज्यूने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, त्यांनी खवले आणि पर असलेलेच मासे निवडले, आणि त्यावरून त्याने त्यांना ओळखले, अशी आठवण जमातीत जपलेली आहे. धर्माची खूण मासळीच्या पाटीत सापडावी, हे अगदी कोकणाला शोभणारे आहे. आडनावे पाहावीत: किहीमचे केहिमकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. रायगड जिल्ह्याचा नकाशाच.

ही मंडळी पुण्यात आली ती मुख्यतः नोकरीच्या मागे. इंग्रजांच्या मुंबई लष्करात बेने इस्रायल शिपाई आणि सुभेदार पुष्कळ होते. पुढे रेल्वे, टपाल, कचेऱ्या, रुग्णालये, शाळा. १९२१ मध्ये त्यांनी रास्ता पेठेत स्वतःचे सिनेगॉग उभे केले. नाव ‘सुक्कथ शेलोमो’, म्हणजे शलमोनाचा मांडव.

मी तेथे दुसऱ्या एका सकाळी गेलो. रास्ते सरदारांच्या नावाची ही पेठ. केईएम रुग्णालयाच्या गर्दीतून, औषधांच्या दुकानांपुढून वाट काढीत जावे लागते. लाल देवळाचा मनोरा चुकवतो म्हटले तरी चुकत नाही. हा ‘मांडव’ विचारत विचारत शोधावा लागतो. लष्करात तंबू, पेठेत मांडव. दोन्ही नावे बायबलच्या जुन्या करारातील भटकंतीची आठवण ठेवणारी, पण पैकी एक तंबू नव्वद फूट उंच झाला आणि दुसरा मांडव मांडवाच्याच मापाचा राहिला. समाजशास्त्राच्या पुस्तकात दोन जमातींमधील अंतर समजून घ्यायला पानेच्या पाने वाचावी लागतात. पुण्यात ते लष्करातून रास्ता पेठेपर्यंत चालत गेल्याने समजते.

हे अंतर केवळ पैशाचे नव्हते. बगदादी ज्यू स्वतःला अस्सल मानीत आणि बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयी शंका घेत. ती माणसे इथल्या मातीशी फार एकजीव झाली होती, हाच त्यांचा गुन्हा. मुंबईत १८३६ साली बगदादी पुढाऱ्यांनी दफनभूमीत दोन जमातींच्या कबरींमध्ये भिंत घालून मिळावी असा अर्ज सरकारकडे केला होता. सामूहिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुषांचा जो गण लागतो, ज्याला ‘मिन्यान’ म्हणतात, त्यात बेने इस्रायलाला न मोजण्याची प्रथा पुढे काही बगदादी सिनेगॉगांत पडली. रंगूनमध्ये तर सिनेगॉगच्या कारभारातील हक्कांवरून १९३० च्या दशकात प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. मराठी वाचकाला यातले काही परके वाटायला नको. पाण्याचा, पंगतीचा आणि स्मशानाचा विटाळ कसा चालतो हे आपल्याला परदेशी लोकांनी शिकवायची गरज नाही. उलट, त्यांनी तो येथेच शिकला की काय, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे.

तरीही या भिंतीला खिंडारे होती, आणि ती शाळेच्या बाजूने पडली होती. ससूनने मुंबईत काढलेल्या शाळेचे मुख्याध्यापक पुढे झाले ते जोसेफ एझिकेल राजपूरकर, हे बेने इस्रायल. हिब्रू प्रार्थनाग्रंथांची त्यांनी मराठीत केलेली भाषांतरे संख्येने आणि योग्यतेने मोठी आहेत. हिब्रू येथे कशी परत आली, हीदेखील गमतीदार कथा आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. हेतू उघड होता: ही माणसे आपला जुना करार मुळातून वाचू लागली की नव्या कराराकडे वळतील. ती जुना करार मुळातून वाचू लागली आणि अधिक पक्की ज्यू झाली. चिपळूणकरांनी मिशनऱ्यांवर जेवढे आसूड ओढले त्या सर्वांपेक्षा हा पराभव अधिक शांतपणे आणि अधिक पुरता झाला होता, असे मला वाटते.

या सगळ्यातून ती पोथी आली. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्येच निघाली होती. पुण्याच्या १८७४ च्या पोथीचे वैशिष्ट्य तिच्या चित्रांत आहे. ‘हग्गादा’ या शब्दाचा अर्थ ‘सांगणे’. मिसर देशातील गुलामगिरीतून इस्रायली लोक कसे सुटले हे वडिलांनी मुलाला सांगायचे. मुलाने विचारायचे, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? घाईने निघाल्यामुळे पीठ आंबवायला वेळ मिळाला नाही, म्हणून बेखमीर भाकर; दास्याची आठवण म्हणून कडू भाजी. युरोपातील हग्गादांमध्ये या प्रसंगांची चित्रे असत आणि त्यांतील माणसे युरोपातलीच असत. पुण्याच्या पोथीत बेखमीर भाकर करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. चित्र पाहताना मिसर आठवत नाही. आठवते ते कोणत्याही मराठी घरातले सणाच्या आदल्या दिवसाचे स्वयंपाकघर.

आता पुन्हा ती दोन साले पाहू. १८७३: पुण्यातील एक माणूस गुलामगिरीवर मराठी पुस्तक लिहितो आणि ते अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्यांना अर्पण करतो. १८७४: पुण्यातील दोन माणसे गुलामगिरीतून सुटकेची जगातील एक सर्वांत जुनी कथा मराठीत छापतात. एकाने दुसऱ्याचे पुस्तक पाहिले होते असा माझा दावा नाही, आणि हा योगायोग ताणण्याचीही गरज नाही. परंतु ‘सुटका’, ‘दास्य’, ‘सांगणे’ हे शब्द त्या एकदीड वर्षात या शहरातल्या मराठीत किती निरनिराळ्या घरांत घोळत होते, याचा हिशेब आपल्या वाङ्मयेतिहासाने ठेवलेला नाही. धार्मिक, भाषांतरित, एका लहान जमातीपुरते, अशी तीन लेबले लावली की पुस्तक आपोआप बाहेर राहते. गंमत अशी की याच तीन लेबलांचे महानुभावांचे वा ख्रिस्तपुराणाचे वाङ्मय आपण पहिल्या प्रकरणात मानाने शिकवतो.

बेने इस्रायलांची मराठी केवळ भाषांतराची नव्हती. त्यांच्या सणांची जुनी नावे पाहावीत. वर्षारंभाला ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या उपवासाला, ज्या दिवशी घराची दारे लावून बसायचे, ‘दरफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीमला ‘होळीचा सण’. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला, त्या दिवशी बिरडे खातात म्हणून, ‘बिरड्याचा’. आणि उपवासांच्या एका महिन्याला चक्क ‘रमजान’. हिब्रू नावे विसरल्यावर या लोकांनी आपले पंचांग शेजाऱ्यांच्या शब्दांनी पुन्हा बांधले. हिब्रू परत आली तेव्हा सुशिक्षितांना ही नावे अडाणी वाटू लागली आणि ती मागे पडली. भाषेच्या शुद्धीकरणाची ही कथा आपण दुसऱ्या संदर्भात किती वेळा वाचली आहे!

१८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कीर्तन सुरू केले. आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे; पद्धत आपल्या हरिदासांची. पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत मोशे उभा राहिला आणि त्याला काही अवघडल्यासारखे झाले नाही. एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने करतात तो ‘मलिदा’ही असाच: गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे, आणि त्यांवर म्हटलेली हिब्रू प्रार्थना. पुण्यापुरते बोलायचे तर हुजूरपागेच्या इतिहासात या जमातीची दोन नावे आहेत. रिबेका रूबेन १९०५ मध्ये मॅट्रिकला इलाख्यात पहिल्या आल्या आणि पुढे मुंबईत शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. जेरुशा झिराड डॉक्टर झाल्या, १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलींनी शिकावे की नाही यावर पेठांमध्ये रणे माजत असताना या घरांतल्या मुली पुढे निघून गेल्या होत्या.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली. १९५१ च्या आसपास भारतात सर्व मिळून पाव लाखाच्या घरात ज्यू होते. बहुसंख्य बेने इस्रायल, म्हणजे बहुसंख्य मराठी. मग जहाजे भरून माणसे जाऊ लागली. जी पोथी दरवर्षी ‘पुढल्या वर्षी यरुशलेमेत’ या आशेवर संपते, ती वाचणारी माणसे खरोखरच तेथे पोहोचली. आणि पोहोचल्यावर काय झाले? तेथील धर्मपीठाने १९६० नंतर त्यांच्या विवाहांबाबत पूर्वजांची चौकशी सुरू केली. पुन्हा तीच शंका, की तुम्ही पुरते ज्यू आहात का? मोर्चे निघाले, धरणी झाली, आणि १९६४ मध्ये धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. मुंबईच्या दफनभूमीतील भिंत यरुशलेमेपर्यंत त्यांच्या मागे गेली होती. या लोकांनी तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. नाव इतके उघड आहे की त्यावर भाष्य नको.

या जमातीची कादंबरी मात्र ठळकपणे आली ती हिंदीत आणि इंग्रजीत. मीरा महादेवन यांची ‘अपना घर’ ही १९६१ ची हिंदी कादंबरी. शीला रोहेकर यांची ‘मिस सैम्युएल’, २०१३ ची, तीही हिंदी. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड इंग्रजीत लिहितात. निस्सीम एझिकेल भारतीय इंग्रजी कवितेचे अध्वर्यू झाले. मराठीशी त्यांचा दुवा राहिला तो इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात त्यांनी दिलेल्या सहभागातून. शतकभर मराठीत प्रार्थना, कीर्तने आणि मासिके लिहिणाऱ्या जमातीचे सर्जनशील लेखन मराठीबाहेर का गेले? इंग्रजी शिक्षण, शहरी नोकऱ्या, स्थलांतर ही कारणे आहेतच. परंतु वाचक नावाची गोष्टही असते. ज्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात आपल्या आजोबांच्या पुस्तकाला एक ओळ नाही, त्या भाषेत आपली कादंबरी कोणासाठी लिहायची?

लाल देवळातल्या त्या काकांना मी निघताना विचारले होते की बगदादी मंडळी आता किती उरली आहेत. स्वातंत्र्यानंतर ती लंडनला, ऑस्ट्रेलियाला, इस्रायलला गेली. पुण्यात जवळजवळ कोणी राहिले नाही. ससूनच्या देवळात आज प्रार्थना होते ती बेने इस्रायलांमुळे. त्याच्या समाधीची झाडलोट, रंगीत काचांची काळजी, भिंतीच्या डागडुजीसाठी पत्रव्यवहार, सगळे या ‘कर’ आडनावांच्या मोजक्या कुटुंबांकडे आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे कागदोपत्री काही गोष्टी सोप्या झाल्या असतील. दहा माणसे जमवणे सोपे झालेले नाही. काका म्हणाले, “सणाला भरतं. एरवी फोन करावे लागतात. नववा आला की आम्ही दाराकडे बघत बसतो.” ज्या गणात एकेकाळी त्यांना मोजायचे की नाही यावर वाद होता, तो गण आता त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. ते हे सांगत होते ते तक्रारीच्या सुरात नव्हे आणि विजयाच्याही नव्हे. पाहुण्याला घरची अडचण सांगावी तसे.

पुण्याच्या हग्गादेची प्रतिमुद्रित आवृत्ती न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली निघाली. पुण्यात छापलेले मराठी पुस्तक न्यूयॉर्कने पुन्हा छापले आणि आपण त्याच काळात ‘निबंधमाले’च्या शैलीवर प्रबंध लिहीत होतो. या वर्षी एकोणिसाव्या शतकावरच्या तासाला मी त्या चित्राची प्रत वर्गात नेली. लुगड्यातल्या बायका पाहून मुलांना वाटले, एखाद्या व्रताच्या पोथीतले चित्र असावे. मी खुलासा केला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग हे उत्तरपत्रिकेत कुठल्या प्रकारात लिहायचं?” मी सांगितले की अजून प्रकार ठरलेला नाही, आणि फळ्यावर ‘गुलामगिरी’ आणि ‘निबंधमाला’ यांच्याखाली तिसरे नाव लिहिले.